चव सोडून सगळं: मिसळीचा रिव्ह्यू कसा लिहावा

मिसळीच्या हॉटेलवर रिव्ह्यू लिहायचं ठरवलंच असेल, तर पहिलं काम वेळ निवडण्याचं. रविवार, दुपारी दीडच्या सुमारास. सकाळी आठला जाऊ नका. आठला कट म्हणजे तिखट रस्सा ताजा असतो, पातेल्यावर तर्रीचा, म्हणजे लाल तवंगाचा, जाड थर असतो, मटकी अख्खी असते आणि पाव नुकताच बेकरीतून आलेला असतो. अशा मिसळीला नावं ठेवायला फार कष्ट पडतात. दीडपर्यंत सगळं तुमच्या बाजूला झुकतं. तर्री वर तरंगते, म्हणून ती आधीच्या गिऱ्हाइकांबरोबर निघून गेलेली असते. रस्सा तासन्‌तास उकळून आटलेला असतो, आटला की खारट होतो, खारट झाला की त्यात पाणी पडतं. मीठ जागेवर येतं, मसाला मात्र पांचट होतो. शेजारच्या पातेल्यातली उसळ गरम राहून राहून गाळ झालेली असते. मत बनवायचं ते या प्लेटीवर. आणि रिव्ह्यूत वेळ अजिबात लिहायची नाही, नाहीतर वाचणारा सकाळी जाईल, त्याला मिसळ आवडेल आणि तुमच्या शब्दाची पत जाईल.

प्लेट आली की खायची घाई नको. आधी फोटो. एक वरून, एक बाजूने, एक तर्री ओततानाचा, आणि चमच्याने पाव बुडवतानाचा व्हिडिओ शेजाऱ्याकडून काढून घ्या; पहिल्यांदा त्याचा अंगठा येतो, दुसऱ्यांदा काढायला लावा. एवढ्यात चार-पाच मिनिटं सहज जातात. शेव बेसनाची आणि बारीक, पापडी पातळ. गरम रस्सा पडल्यावर त्यांची कुरकुर दोन-तीन मिनिटं टिकली तरी पुष्कळ. तुम्ही पहिला घास घेता तेव्हा त्याचा लगदा झालेला असतो. आता निर्धास्त लिहा: 'फरसाण मऊ पडलेलं, शिळं असावं.' जाणकार लोक फरसाण आणि रस्सा वेगळे मागवतात, थोडं थोडं ओततात आणि ओततील तेवढं लगेच संपवतात. पण त्यांचे फोटो चांगले येत नाहीत.

तर्रीबद्दल दोन वाक्यं तोंडपाठ हवीत: 'तेल खूप होतं' आणि 'तर्री द्यायला कंजूषपणा करतात.' एकाच रिव्ह्यूत दोन्ही चालतात, कुणी हिशेब जुळवायला बसत नाही. तर्री म्हणजे तेलच. कांदा आणि सुकं खोबरं भाजून, आलं-लसणाबरोबर वाटून, ते वाटण तेलात कडेने तेल सुटेपर्यंत परतायचं. मग आच मंद करून मिरचीपूड, कारण कडकडीत तेलात ती क्षणात करपते, रंग तपकिरी होतो आणि कडवटपणा शेवटपर्यंत जात नाही. त्यानंतर उकळतं पाणी. गार पाणी ओतलं की उकळी मोडते आणि तवंग धड वर येत नाही, म्हणून आचारी शेजारच्या शेगडीवर पाणी उकळत ठेवतो. दहा प्लेटांच्या कटाला वाटीभर तेल लागतंच, त्याशिवाय वर यायला काही नसतं. एवढं समजून घेतलं की 'तेल खूप' हे वाक्य लिहिताना हात अडतो. म्हणून समजून घेऊ नका.

रंग पाहून तिखटपणा ठरवावा, हे तर सांगायलाच नको. मिरचीचा लाल रंग तेलात उतरतो, म्हणून तर्री लाल दिसते. ब्याडगी मिरची रंग भरपूर देते, तिखट बेताचीच असते. लवंगी किंवा संकेश्वरी घातली की जाळ होतो, रंग तेवढा चढेलच असं नाही. म्हणजे लालभडक मिसळ गोडसर निघू शकते आणि मळकट विटकरी रस्सा कानातून धूर काढू शकतो. तुम्ही मात्र फोटोवरूनच 'झणझणीत' लिहून मोकळे व्हा. तोंड भाजलंच तर पाणी मागा. मिरचीतला तिखट घटक पाण्यात विरघळत नाही, पाण्याने तो तोंडभर पसरतो. दही, ताक किंवा दूध घेतलं तर दोन मिनिटांत बरं वाटतं. पण मग 'तीनदा मागूनही पाणी आलं नाही, सर्व्हिस अत्यंत स्लो' हे वाक्य हातचं जातं.

एक गोष्ट मात्र चुकूनही करू नका. चमच्याने तवंग बाजूला सारून खालचा रस्सा नुसता चाखू नका. त्यात नको तेवढं कळतं. कच्च्या मसाल्याचा उग्र वास आला, तर वाटण नीट परतलेलं नाही. घशाशी कडवट लागलं, तर लसूण किंवा खोबरं करपलंय. जिभेवर पिठूळ थर बसला, तर दाटपणासाठी बेसन किंवा उरलेल्या फरसाणाचा चुरा आत गेलाय. खवट वास आला, तर खोबरं जुनं आहे. या चार गोष्टी लिहिल्या तर वाचणाऱ्याला जायचं की नाही ते कळेल, आणि मालकालाही काय सुधारायचं ते कळेल. मग त्याने खरंच सुधारलं, तर पुढच्या खेपेला लिहायला काय उरलं?

मटकीचंही तसंच. ती फरसाणाखाली दडलेली असते, तिथपर्यंत चमचा नेऊच नका. सात-आठ तास भिजवून, उपसून, फडक्यात बांधून उन्हाळ्यात दहा-बारा तासांत मोड येतात. थंडीत पूर्ण दिवस लागतो. घाई केली तर मोड नावापुरते आणि दाणा करकरीत राहतो. विसरलं तर मोड लांबतात, बुळबुळीत होतात आणि आंबूस वास मारतात. शिजवताना दाणा बोटाने दाबला की दबावा, पण फुटू नये. काही ठिकाणी मटकीऐवजी पांढरा वाटाणा असतो: भिजवला की पुरे, मोडांची कटकट नाही, आणि शिजून रस्सा आपोआप दाट होतो. 'उसळ वाटाण्याची होती' एवढे तीन शब्द पुष्कळांच्या उपयोगाचे ठरतील. ते टाळून 'क्वांटिटी कमी' लिहा.

आता गावांकडे येऊ, कारण इथेच खरी मजा आहे. कोणत्याही गावची मिसळ दुसऱ्या गावच्या मापाने मोजायची. कोल्हापुरात कांदा-लसूण मसाल्याचा कट असतो आणि सोबत पाव नाही, स्लाइस ब्रेड. तिथे जाऊन 'पावसुद्धा देत नाहीत' असं लिहा. पुण्याच्या पेठांत जुन्या पद्धतीच्या मिसळीत पोहे असतात, बटाट्याची भाजी असते, रस्सा किंचित गोडसर असतो आणि वरून लागेल तसं सँपल, म्हणजे जादा रस्सा, मागायचं असतं; तिथे 'ही मिसळ आहे की पोहे?' असं विचारा. नाशिकला पापड, दही, वाटीत वेगळा रस्सा, आणि गावाबाहेरच्या मळ्यातल्या ठिकाणी चूल आणि झोपाळेसुद्धा. तिथे 'मिसळीत दम नाही, सगळं शोबाजी' हे लिहा आणि फोटो मात्र झोपाळ्यावरचा टाका. ठाण्यात मामलेदार कचेरीजवळ गेलात तर तिखटाची पातळी न विचारता सगळ्यात जहाल मागवा आणि मग तिखट फार म्हणून तारे कापा. नागपुरात तर्री-पोहे मागवून त्यात मटकी शोधा. तिथल्या तर्रीत हरभरे असतात, ते सापडले की 'मिसळीच्या नावाखाली चणे' असं शीर्षक द्या. त्यांनी मिसळ म्हटलंच नव्हतं, हा मुद्दा गौण आहे. 2015 साली दादरच्या आस्वादची मिसळ लंडनच्या फूडी हब पुरस्कारांत जगातला सर्वांत चविष्ट शाकाहारी पदार्थ ठरली. तेव्हापासून तर 'ओव्हररेटेड' हा शब्द कुठल्याही मिसळीला लावायची सोय झाली आहे. आणि हे सगळं लिहून झाल्यावर 'ऑथेंटिक' शब्द कुठेतरी पेरा. कुठल्या गावचं ऑथेंटिक, ते उघड करू नये.

तारे देताना मिसळ सोडून बाकी सगळ्याचा विचार करा. नारायण पेठेतल्या बोळात गाडी लावायला जागा मिळाली नाही, एक तारा. टेबलासाठी पाऊण तास थांबावं लागलं, एक तारा. गर्दी कशामुळे होते, हा वेगळा विषय. समोर रस्ता खणलाय, तोही हॉटेलच्याच खात्यावर. जरा गणित माहीत असलं तर वार नेमका बसतो. चारशे रिव्ह्यू आणि 4.5 सरासरी असलेल्या हॉटेलला एक तारा दिलात, तर सरासरी 4.49 होते, स्क्रीनवर 4.5 ची 4.5 च. पण नवीन हॉटेल निवडा, ज्याला दहाच रिव्ह्यू आहेत. तिथे तुमचा एक तारा 4.5 चे 4.2 करतो. म्हणजे पार्किंगचा राग काढायला जागा बघून गेलं पाहिजे, आणि ती जागा ज्याने नुकतंच दुकान टाकलंय त्याची असली पाहिजे.

पार्सलवर रिव्ह्यू लिहिणं त्याहून सोपं. कट पिशवीत, फरसाण वेगळं, कांदा-लिंबू पुडीत, असं बांधून येतं ते याचसाठी की घरी कट पुन्हा उकळावा आणि वाढताना जुळवावं. तुम्ही सगळं एकदम पातेल्यात ओता, घरातली मंडळी जमेपर्यंत वीस मिनिटं ठेवा, मग खा. पिशवी वाटेत गाडीच्या धक्क्यांनी फुटली असेल तर उत्तमच, हॉटेलचे आणखी दोन तारे गेले.

बिलाबद्दल फार लिहायची गरज नाही. 'अनलिमिटेड रस्सा' असलेल्या मिसळीची किंमत आणि जिथे जादा सँपलचे पैसे पडतात तिथली किंमत शेजारी ठेवून महाग-स्वस्त ठरवा, पाव दोन मिळतात की चार, हे मोजू नका. सर्व्हिस चार्ज देणं ग्राहकाच्या मर्जीवर आहे, हे सरकारच्या 2022 च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट आहे. काउंटरवर शांतपणे सांगितलं तर तो काढायला लावता येतो. पण तो मुकाट भरून घरी येऊन तीन परिच्छेद लिहिण्यातलं समाधान काउंटरवर मिळत नाही.

उलट्या बाजूचीही तयारी ठेवा. गल्ल्यावर पाटी असते: 'पाच तारे द्या, गुलाबजाम मोफत.' द्या. फोनवर तारे दाखवा, गुलाबजाम खा, आणि रिव्ह्यूत गुलाबजामाचा उल्लेख करू नका. ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी भारतीय मानक ब्यूरोने 2022 मध्ये आयएस 19000 नावाचं मानक काढलं आहे, पण ते रिव्ह्यू गोळा करणाऱ्या आणि छापणाऱ्या संस्थांसाठी आहे. तुमच्या वाटीतल्या पाकापर्यंत पोहोचायला त्याला वेळ लागेल. रील करत असाल आणि मिसळ फुकट मिळाली असेल, तर जाहिरात मानक परिषदेच्या 2021 च्या नियमांप्रमाणे ते ठळकपणे सांगायला हवं. सांगा, पण सोळाव्या हॅशटॅगनंतर, जिथे 'आणखी वाचा' दाबल्याशिवाय कुणी पोहोचत नाही.

राहिला प्रश्न लांबीचा. गूगल मॅप्सवर गुणांसाठी रिव्ह्यू लिहिणाऱ्या 'लोकल गाईड'ला नुसत्या ताऱ्यांचा एक गुण, लिहिलेल्या रिव्ह्यूचे दहा, फोटोचे पाच, आणि रिव्ह्यू दोनशे अक्षरांच्या वर गेला की आणखी दहा. म्हणजे मिसळ एकच, पण दोनशे अक्षरं भरली तर मजुरी दुप्पट. मिसळीबद्दल लिहून एवढी भरत नसतील, तर आत शिरल्यापासून सुरुवात करा: पंखा कुठल्या टेबलावर लागतो, मेनूकार्ड लॅमिनेट केलेलं आहे की नाही, हात धुवायच्या बेसिनवर साबण होता की नुसतीच साबणाची वडी ठेवायची ताटली. बेसिनवरच साठ-सत्तर अक्षरं निघतात.