खाटा किती, ते नंतर विचारा

शाळेच्या ग्रुपवर मध्यंतरी वाद पेटला. एका वर्गमित्राने सुचवलं की बॅचच्या स्नेहसंमेलनातून उरलेले पैसे पुण्यात बेघरांसाठी रात्र निवारा चालवणाऱ्या एका ख्रिस्ती संस्थेला द्यावेत. अर्ध्या तासात दोन तट पडले. एक म्हणे, जेवणाच्या ताटामागून बायबल येतंच, त्यात आपले पैसे कशाला? दुसरा म्हणे, ते निदान करतात तरी, तुम्ही कट्ट्यावर बसून काय करता? त्यावर कुणीतरी धर्मांतरविरोधी कायद्याची बातमी टाकली, कुणी मदर तेरेसांचा फोटो. तिथे रात्री कोण झोपतं, किती दिवस राहतं आणि नंतर कुठे जातं, हे मात्र एकानेही विचारलं नाही. विचारायची गरजच नव्हती. दोन्ही तटांकडे उत्तर तयार होतं.

मी बर्मिंगहॅमला राहते आणि हिवाळ्यात एका चर्चच्या निवाऱ्यात न्याहारीच्या पाळीला जाते. मी ख्रिस्ती नाही, मला तसं कुणी विचारलेलंही नाही. इंग्लंडमध्ये या निवाऱ्यांची जुनी पद्धत अशी: सात चर्च मिळून आठवड्याचे वार वाटून घेतात. आज या चर्चच्या हॉलमध्ये गाद्या, उद्या त्या. रात्री गरम जेवण, सकाळी आठच्या सुमारास सगळे बाहेर, आणि संध्याकाळी पाठीवरचं बोचकं घेऊन पुढच्या पत्त्यावर. कोविडनंतर बऱ्याच ठिकाणी एका हॉलात गाद्या टाकणं बंद झालं आणि संस्था स्वतंत्र खोल्यांकडे वळल्या. आमच्याकडे जेवणाआधी दोन ओळींची प्रार्थना होते. ज्याला नको असते तो तेवढ्यात चहा ओतून घेतो. माझ्या ग्रुपला ज्या बायबलची धास्ती आहे ते कोपऱ्यातल्या कपाटात असतं, आणि खरं सांगायचं तर तिथे सगळ्यात जास्त मागणी मोबाइलच्या चार्जरला असते.

पण म्हणून हा निवारा चांगला ठरतो का? नाही. प्रार्थना सक्तीची नाही, ही किमान अट झाली.

माझ्या मते निवाऱ्याची खरी पारख दाराबाहेर होते. आमच्याकडे थेट दारात आलेल्याला घेत नाहीत; दुसऱ्या संस्थेची चिठ्ठी लागते. दारू पिऊन आलेला चालत नाही. कुत्रा चालत नाही. ज्याच्यावर मारामारीचा शिक्का आहे तो चालत नाही. प्रत्येक नियमाला कारण आहे, आणि रात्रभर दोन स्वयंसेवकांच्या भरवशावर हॉल सोडायचा तर ती कारणं खोटीही नाहीत. पण नियम एकापुढे एक मांडले की ज्याला गारठ्यात सगळ्यात जास्त धोका, तोच बाहेर राहतो. वार्षिक अहवालात मात्र लिहिलेलं असतं, ‘इतक्या खाटा, इतक्या रात्री, इतकी जेवणं’. परत पाठवलेल्यांची वही कुठेच नसते.

आता याच दाराची दुसरी बाजू. इथे विद्यार्थी किंवा कामगार म्हणून आलेल्यांच्या व्हिसाला एक अट असते: सरकारी मदतीवर हक्क नाही. माझ्याही पहिल्या कार्डावर ती होती, तेव्हा तिच्याकडे मी ढुंकून पाहिलं नव्हतं. बेघरांच्या वसतिगृहांचा बराचसा खर्च सरकारच्या भाडे-मदतीतून निघतो. ज्याला ती मदत मिळू शकत नाही त्याचं भाडं कुणी भरायचं? म्हणून वसतिगृहं त्याला नाकारतात. नोकरी गेलेला आपल्याकडचा मुलगा, नवऱ्याने घराबाहेर काढलेली व्हिसावरची बायको, यांना घेतो तो देणग्यांवर चालणारा चर्चचा हॉल, आणि जेवू घालतो तो सोहो रोडवरच्या गुरुद्वाऱ्याचा लंगर. सरकारच्या चौकटीत न बसणाऱ्याला घेणं, हे धर्मसंस्थेच्या निवाऱ्याचं खरं काम आहे असं मी मानते. ते ती करत असेल तर भिंतीवर क्रूस आहे की ओंकार, याने मला फरक पडत नाही. आणि सरकारने नाकारलेल्यालाच तीही नाकारत असेल, तर मग तिचं वेगळेपण काय उरलं?

पुण्यात हा वाद नवा नाही, आपल्याला फक्त विसर पडलाय. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं आणि पुढच्याच वर्षी ते पुण्यात आणलं. पैसा अमेरिकेतल्या मंडळींचा, बाई स्वतः ख्रिस्ती, आणि आश्रयाला आलेल्या मुली हिंदू विधवा. शिकवण्यात धर्म आणायचा नाही असं ठरलेलं होतं. पण रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करत तेव्हा दार उघडं असे, आणि मुली आत येऊन बसत. यावरून ‘केसरी’ने झोड उठवली, १८९३ मध्ये रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, आणि कित्येक पालकांनी मुली काढून नेल्या. दार उघडं ठेवणं म्हणजे सक्ती की मोकळीक, यावर तेव्हाचं पुणं जे भांडलं तेच आमचा ग्रुप आज भांडतोय, फक्त मराठी तेव्हाची बरी होती.

त्या गदारोळात एक हिशेब मांडला गेला नाही. शारदा सदनातून बाहेर पडलेल्या बायका पुढे कुठे गेल्या? तिथली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. त्याच १८९३ साली धोंडो केशव कर्व्यांशी तिचा पुनर्विवाह झाला आणि ती बाया कर्वे झाली. कर्व्यांच्या हिंगण्याच्या विधवाश्रमाला कोणी कसा हातभार लावला ते पुण्यात वेगळं सांगायला नको. म्हणजे ख्रिस्ती बाईच्या निवाऱ्यातून निघालेली बाई हिंदूच राहिली आणि विधवांसाठीच्या दुसऱ्या निवाऱ्याची आधार झाली. हीसुद्धा अर्धीच बाजू आहे, हे मान्य. पुढे रमाबाईंच्याच केडगावच्या मुक्ती सदनात, १८९६-९७ च्या दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुली-बायकांमध्ये, ख्रिस्ती शिकवण उघडपणे होती आणि अनेकींनी तो धर्म घेतला. टीकाकारांचा संशय अगदीच हवेतला नव्हता. पण त्यांच्यापैकी फार थोड्यांनी त्या दुष्काळातल्या मुलींसाठी स्वतःचं दार उघडलं होतं.

बाहेर पडल्यावर माणूस कुठे गेला, हा हिशेब ठेवता येतो. लंडनमध्ये रस्त्यावर झोपलेल्यांची नोंद अनेक संस्था मिळून एकाच ठिकाणी ठेवतात, त्यात नवे, जुने आणि मधल्या काळात गायब होऊन परत आलेले असे वेगळे गट असतात. हा तिसरा गट मला महत्त्वाचा वाटतो. निवाऱ्याने ज्याची ‘सोय लावली’ तो वर्षाने परत पुलाखाली दिसला, तर ते तिथे उघड होतं. एका रात्रीची मोजणी हे सांगू शकत नाही. २०२४ च्या शरद ऋतूतल्या एका रात्री अख्ख्या इंग्लंडमध्ये ४,६६७ माणसं उघड्यावर मोजली गेली; एकट्या लंडनच्या वर्षभराच्या नोंदीत, २०२४-२५ मध्ये, ती १३ हजारांवर होती. आपल्याकडे २०११ च्या जनगणनेत बेघर मोजले ते २८ फेब्रुवारीच्या एका रात्रीत. देशभरात सुमारे पावणेअठरा लाख. २०२१ ची जनगणना झालीच नाही.

इथे फिनलंडचं उदाहरण देण्याचा मोह प्रत्येक परदेशस्थाला होतो, मलाही होतोय. साल्व्हेशन आर्मी ही ख्रिस्ती सेवासंस्था, म्हणजे आपली जुनी मुक्तिफौज, हिचं हेलसिंकीत सुमारे अडीचशे खाटांचं वसतिगृह होतं. तिने ते बंद केलं आणि २०१२ पर्यंत त्याच इमारतीत ऐंशीच्या आसपास स्वतंत्र घरं केली, प्रत्येकाची वेगळी किल्ली आणि वेगळा भाडेकरार. आधी घर, मग व्यसनमुक्ती आणि बाकी सगळं. कॅनडात याच पद्धतीची पाच शहरांत, दोन हजारांवर माणसांवर चाचणी झाली. शेवटच्या सहा महिन्यांत पूर्ण काळ घरात राहिलेले या गटात ६२ टक्के होते, नेहमीच्या सेवा मिळालेल्या गटात ३१. एका धर्मादाय संस्थेने आपल्या खाटा कमी झाल्या हे यश मानलं, याचं मला जास्त कौतुक आहे.

पण हे उचलून पुण्यात लावता येणार नाही. बर्मिंगहॅमच्या हॉलमध्ये झोपणाऱ्यांपैकी पुष्कळांचं घर गेलेलं असतं. पुण्यात स्टेशनबाहेर, स्वारगेटला, ससून रुग्णालयाच्या आसपास झोपणाऱ्यांत दिवसभर काम करणारे खूप असतात. घर गावाला आहे, इथे फक्त रात्र काढायची आहे. डिसेंबर २०२४ मध्ये वाघोलीला केसनंद फाट्याजवळ मध्यरात्रीनंतर फुटपाथवर डंपर चढला आणि तिघं गेले, त्यांत दोन लहान मुलं. अमरावतीकडून बायकापोरांसह कामाला आलेली ही माणसं होती. त्यांना ना समुपदेशक हवा होता ना व्यसनमुक्ती. मजूर अड्ड्याच्या जवळ, कुटुंबाला एकत्र झोपता येईल अशी जागा, संडास आणि सामानाला कुलूप, एवढं पुरलं असतं. लाख वस्तीमागे शंभर जणांचा एक, बारा महिने चोवीस तास चालणारा निवारा, हे सूत्र सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० च्या आदेशानंतर आलेल्या केंद्राच्या योजनेत होतंच, आणि कुटुंबांसाठी वेगळे निवारे असावेत असंही त्यात होतं. पुरुषांचा हॉल इकडे, बायकांचा तिकडे असं असेल, तर मुलं कुशीत घेऊन आलेलं जोडपं फुटपाथच निवडणार. रिकाम्या खाटा दाखवून ‘लोकच येत नाहीत’ असं म्हणणं मग सोपं जातं.

परकीय पैशाबद्दलही ग्रुपवर बरंच बोलणं झालं. परदेशी देणग्यांच्या कायद्यात २०२० मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर अशा देणगीतला जास्तीत जास्त २० टक्के भाग प्रशासनावर खर्च करता येतो, आधी ५० टक्के येत असे. ऐकायला छान वाटतं. पण निवाऱ्यात जे काही घडतं ते माणसांमुळे घडतं: रात्रपाळीचा काळजीवाहक, सकाळी ससूनला घेऊन जाणारी कार्यकर्ती, आधारच्या रांगेत उभा राहणारा पोऱ्या. यांतला कोणता पगार प्रशासनात धरला जाईल या धास्तीने संस्था माणसं ठेवायला बिचकते, आणि गाद्या, ब्लँकेटं, रंगकाम यांवर खर्च दाखवणं सोयीचं होतं. देणगीदारालाही ब्लँकेटचा फोटो आवडतो. मीही इथे ब्लँकेटं वाटलीत. दुसऱ्या दिवशी ती ओली होऊन बसथांब्यावर पडलेली असतात.

पैसे द्यावेत का? माझं मत द्यावेत असं आहे, पण तीन गोष्टी विचारून. गेल्या वर्षी कुणाकुणाला दारावरून परत पाठवलं आणि का. राहून गेलेल्यांपैकी सहा महिन्यांनी किती जणांचा पत्ता तुम्हाला माहीत आहे. आणि प्रार्थनेला न बसणाऱ्याचं ताट, गादी आणि मुक्काम यांत काही फरक पडतो का, हे संस्थेच्या माणसाला नव्हे, तिथे झोपणाऱ्याला, एकट्याला गाठून. हेच प्रश्न महापालिकेच्या निवाऱ्यालाही लागू आहेत आणि मंदिराच्या अन्नछत्रालाही. निवारे चालवायला देताना महापालिकेने करारातच अट घालावी: रोज किती झोपले याच्या नोंदीशेजारी, जागा असून किती परत गेले त्याचा रकाना, कारणासकट, आणि तो दर महिन्याला वॉर्ड ऑफिसच्या फलकावर.