बंद झाला ना आवाज?

मागच्या गुरुवारी माझा संगणक बंद पडला तो वीज गेल्यामुळे नव्हे. वीज सात मिनिटांपूर्वीच गेलेली होती आणि टेबलाखालचा यूपीएस आपले काम चोख करत होता. संगणक बंद केला तो खालच्या मजल्यावरच्या अप्पांनी, माझ्या डोळ्यांदेखत आणि अत्यंत आदरपूर्वक.

मी घरी बसून मुद्रितशोधनाची आणि शब्दसूच्या करण्याची कामे करतो. त्या दिवशी एका आडदांड ऐतिहासिक ग्रंथाची सूची चालली होती आणि मी ‘ब’च्या अखेरीस पोहोचलो होतो. पुण्यात आमच्या भागात गुरुवार हा देखभाल-दुरुस्तीचा वार असल्यामुळे दहाच्या ठोक्याला वीज गेली. ती जाणार आहे हे कळवणारा संदेश मोबाईलवर दहा वाजून एकेचाळीस मिनिटांनी आला, पण त्याविषयी नंतर बोलू.

यूपीएसने दर दहा सेकंदांनी ‘बीप’ म्हणायला सुरुवात केली आणि सुमारे तिसाव्या बीपला दाराची कडी वाजली. अप्पा बँकेतून निवृत्त झालेले आहेत. घराचे दार उघडल्यावर ‘कोण आजारी आहे?’ असे त्यांनी विचारले. तो आवाज त्यांना अतिदक्षता विभागातल्यासारखा वाटला होता. कोणी आजारी नाही हे कळल्यावर ते किंचित निराश झाले आणि आवाजाच्या दिशेने चालू लागले.

“हा कोण बोंबलतोय?”

“यूपीएस आहे, अप्पा.”

“म्हणतोय काय?”

“वीज गेली असं म्हणतोय.”

“ते मला पंख्याने सांगितलं,” अप्पा म्हणाले. “त्यासाठी वेगळं यंत्र कशाला?”

मी त्यांना समजावले की हे यंत्र केवळ बातमी देत नाही. वीज गेल्यावर संगणकाला ते आपल्या बॅटरीतून वीज पुरवते.

“किती वेळ?”

“दहा मिनिटं.”

“आणि वीज येणार कधी?”

“पाच वाजता.”

“आत्ता वाजले किती?”

“दहा वाजून पाच.”

“मग?”

या ‘मग?’ला माझ्याकडे उत्तर नव्हते. म्हणजे उत्तर आहे, पण ते ज्याला आधीपासून ठाऊक असते त्यालाच पटते. यूपीएस काम करण्यासाठी वेळ देत नाही, काम थांबवण्यासाठी देतो. फाइल जतन करावी, संगणक रीतसर बंद करावा आणि उठावे, एवढ्यापुरतीच ती दहा मिनिटे असतात. आता ज्या समाजात पाहुणा ‘बरं, निघतो’ म्हटल्यावर चपला घालून दारात आणखी अर्धा तास उभा राहतो, त्या समाजाला दहा मिनिटांत निरोप घ्यायला सांगणारे यंत्र मुळातच चुकीच्या ठिकाणी विकले जाते. मी स्वतः त्या गुरुवारी पहिल्या बीपला उठलो का? नाही. ‘ब’ संपवूनच उठू, असे म्हणत राहिलो.

हा यूपीएस घेताना दुकानदाराने ‘सहाशेचा देऊ का?’ असे विचारले होते, तेव्हा मला तो भाव वाटला होता. ते सहाशे व्हीए, म्हणजे व्होल्ट-अँपिअर, निघाले. सहाशे व्हीएचा यूपीएस प्रत्यक्षात ३६० वॅटच पेलतो, हे त्याच्या पाठीवर मुंगीच्या अक्षरात छापलेले असते. नोकरी लागताना सांगितलेला पगार आणि महिनाअखेरीस हातात पडणारा पगार यांत जे नाते असते, तेच व्हीए आणि वॅट यांत असावे अशी मी समजूत करून घेतली आहे. आतली बॅटरी १२ व्होल्ट आणि ७ अँपिअर-तासांची, म्हणजे कागदावर ८४ वॅट-तासांची असते. माझा संगणक आणि पडदा मिळून सव्वाशे वॅट खातात, तेव्हा निदान चाळीस मिनिटे तरी निघावीत असे गणित मी आनंदाने मांडले होते. परंतु ते सात अँपिअर-तास मिळतात ते बॅटरी वीस तासांत हळूहळू रिकामी केली तर. घाईघाईने ओरबाडल्यास ती त्याहून पुष्कळ कमी देते. नवी असताना तिने मला वीस मिनिटे दिली, पुण्यातला पहिला उन्हाळा सोसल्यावर पंधरा आणि दुसऱ्यानंतर दहा. दुकानदाराचे म्हणणे असे की टेबलाखालची जागा गरम असते. पण टेबलावर ठेवण्याची सोय कोणाच्या घरात असते?

तरीही या यंत्राचे मला कौतुक आहे, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. आपल्या घरातली वीज सेकंदाला पन्नास आवर्तने करते, म्हणजे एका आवर्तनाला वीस सहस्रांश सेकंद लागतात. वीज गेल्याचे ओळखून बॅटरीवर जाण्याचे काम हा डबा त्याच्या निम्म्याहून कमी वेळात उरकतो. तेवढी कळ काढण्याइतका दम संगणकाच्या वीजपुरवठा संचात असतो, म्हणून संगणकाला काही झाल्याचे कळतही नाही. आमच्या घरात इतक्या तत्परतेने दुसरे कोणीही काही करत नाही.

इन्व्हर्टरची गोष्ट वेगळी आहे. भारनियमनाच्या काळात माझ्या मामांच्या तालुक्याच्या गावी दिवसाचे कित्येक तास वीज नसे. मामांच्या ओटीवर दीडशे अँपिअर-तासांची नळीदार बॅटरी लाकडी खोक्यात विराजमान झालेली होती आणि ‘इन्व्हर्टरला पाणी घातलंस का?’ हा प्रश्न मामी तुळशीच्या सुरात विचारत असे. त्या इन्व्हर्टरवर पंखे, दिवे आणि मालिका अखंड चालत. मामेभावाचा संगणक मात्र वीज गेली की एकदा हटकून बंद होऊन पुन्हा सुरू होई, कारण तो इन्व्हर्टर बदलायला अंमळ वेळ घेत असे. खोक्यामागे एक खटका होता आणि तो ‘यूपीएस’ या बाजूला सरकवला असता तर हे झाले नसते, हा शोध तीन वर्षांनी लागला, तोही झाडू लागून. त्याच सुमारास, २००६ साली, पुण्याने उद्योगांच्या स्वतःच्या जनित्रांवरची वीज वापरून भारनियमन टाळण्याचा प्रयोग केला आणि त्यासाठी आम्ही बिलात जादा आकार भरला. मामा तेव्हा म्हणत, तुम्ही पुणेकर अंधारसुद्धा विकत देऊन टाकता.

तर अप्पा. त्यांच्या ‘मग?’नंतर काही बीप शांततेत गेले. मग ते एकाएकी मागे फिरले, दाराशी गेले आणि पायांतल्या चपला बाहेर काढून ठेवून परत आले. मला कळेना. ते म्हणाले, “आमच्या शाखेत पहिल्यांदा संगणक आले तेव्हा त्या खोलीत चपला घालून जायला परवानगी नव्हती. वातानुकूलन फक्त तिथे. साहेब घामाने डबडबलेले आणि यंत्रं गारेगार. आमचा यूपीएस एवढा होता.” अप्पांनी दाखवलेला आकार साधारण आमच्या देवघराएवढा होता. “चाळीस बॅटऱ्या. पण कधी हूं की चूं नाही.”

“तुमचा वेगळा होता, अप्पा.”

“संस्कार,” अप्पा म्हणाले.

एव्हाना बॅटरी उतरत आल्यामुळे बीप जवळजवळ येऊ लागले होते. अप्पांनी मान तिरकी करून ते मोजले. “आता घाईला आलाय,” ते म्हणाले. “याला बटण असेल ना?”

आहे, असे मी म्हणालो, आणि हीच माझी चूक. या यूपीएसला एकच बटण आहे. ते किंचित दाबून सोडले की आवाज बंद होतो आणि धरून ठेवले की यूपीएस बंद होतो. गप्प बसवणे आणि जीव घेणे ही दोन्ही कामे एकाच बटणाला देणारा माणूस कोण असेल, याचा मी त्या दिवसापासून विचार करतो आहे. मी “थांबा, मी फाइल—” एवढे म्हणेपर्यंत अप्पा टेबलाखाली वाकले होते. गुडघेदुखीमुळे त्यांना एक हात जमिनीवर टेकावा लागला, त्यामुळे दुरून पाहणाऱ्याला तो नमस्कारच वाटला असता. दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने त्यांनी ते बटण दाबले आणि धरून ठेवले. लिफ्टचे बटण ते असेच धरून ठेवतात. मतदानाच्या यंत्राचेही धरून ठेवत असतील.

पडदा काळा झाला. संगणकातला छोटा पंखा घरंगळत थांबला.

“बंद झाला ना आवाज?” टेबलाखालून अप्पांनी विचारले.

मी शेवटची फाइल जतन केली होती ती चहाच्या आधी, ‘थ’वर. त्यामुळे ‘द’पासून ‘ब’पर्यंतचा मजकूर गेला. देवगिरी गेली, नाना गेले, पुरंदर गेला, बाळाजी बाजीराव गेले. ‘प’मध्ये पानिपत होते, त्याचे पानिपत झाले. अप्पांना मी काही बोललो नाही, कारण ते वयाने मोठे आहेत आणि त्यांना उठताना माझाच हात धरावा लागला. जाताना त्यांनी मला पाणी मागितले, फिल्टर विजेवर चालत असल्यामुळे माठातले दिले, आणि ते म्हणाले, “पाहा, माठाला काही लागतं का?”

संध्याकाळी सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी ‘तिसऱ्या मजल्यावरचा तो आवाज बंद केल्याबद्दल अप्पांचे आभार’ असे लिहिले. त्याखाली अकरा जणांनी हात जोडले.

मला राग अप्पांचा यावा हे सोयीचे आहे, पण तो खरा त्यांचा नाही. दहा वाजता गेलेल्या विजेची सूचना दहा वाजून एकेचाळीस मिनिटांनी पाठवून ‘गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत’ असे म्हणणाऱ्या वीज कंपनीचा आहे. फांद्या छाटायच्या असतात, तारा बदलायच्या असतात, हे मला मान्य आहे आणि खांबावर चढणाऱ्या माणसाशी माझे काहीही भांडण नाही. पण ते आदल्या दिवशी कळवले असते तर मी ‘ब’ बुधवारी रात्रीच करून ठेवला असता. बिलात दरमहा स्थिर आकार असतो, वहन आकार असतो, इंधन समायोजन आकार असतो, वीज शुल्क असते. त्या सगळ्यात स्थिर असा फक्त आकारच असतो. त्याखेरीज यूपीएस मी घ्यायचा, दर दोन वर्षांनी त्याची हजार-बाराशेची बॅटरी मी बदलायची, राउटरसाठी वेगळा छोटा यूपीएसही मी घ्यायचा, आणि एवढे करून इंटरनेट नसतेच, कारण केबलवाल्याने जिन्याखाली बसवलेल्या डब्याला कोणी बॅटरी दिलेली नाही. माझ्या घरातला राउटर हिरवे दिवे लावून निष्ठेने बसलेला असतो आणि पलीकडे कोणीच नसते. ज्या गोष्टीचे पैसे आपण भरतो, तिच्या नसण्याची तरतूदही आपणच विकत घ्यायची, ही रीत आम्ही इतकी अंगवळणी पाडून घेतली आहे की पाण्याच्या टाकीसारखी तीही घर घेताना गृहीत धरतो.

गेलेली अक्षरे पुन्हा करायला मला शुक्रवार आणि शनिवार लागले. प्रकाशकांना मी वीज गेल्याचे कारण सांगितले. ते म्हणाले, “तुमच्याकडे यूपीएस नाही का?”

काल पुन्हा गुरुवार होता. पहिल्या बीपला मी फाइल जतन केली, संगणक रीतसर बंद केला आणि मग बटण धरून ठेवून यूपीएसही बंद केला. माझ्या आयुष्यात हे यंत्र प्रथमच जसे वापरायचे तसे वापरले गेले, आणि त्याला मिनिटभरही लागले नाही. मग मी गॅलरीत जाऊन बसलो. थोड्या वेळाने दाराबाहेर चपला काढल्याचा आवाज आला आणि कडी वाजली. अप्पा उंबऱ्यातच उभे राहून कान देऊन ऐकत होते.

“आज बोलत नाही?”

“नाही.”

त्यांचा चेहरा उतरला. चपलांत पाय घालत ते म्हणाले, “बॅटरी गेली असणार. बदलून घ्या.”