लायसन्स दुकानाला असतं, माल आपला आपण बघायचा

आमच्या न्यू जर्सीतल्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: "नोकरीला कंटाळलात? व्हेप शॉप घ्या. भारतात बंदी, इथे राजरोस. राज्याचं एक लायसन्स, फी किरकोळ. २१ वर्षांखालच्याला विकायचं नाही, बस्स. चालू दुकान मिळालं तर सोन्याहून पिवळं, लायसन्ससकट ताब्यात." व्हेप म्हणजे ई-सिगारेट, तिच्यात भरायचं द्रव बाटल्यांतून येतं. अशा छोट्या दुकानांचे हिशेब लिहिण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत, त्यामुळे गप्प बसवेना.

भारतातल्या बंदीचं खरं आहे. २०१९च्या कायद्याने विक्रीच काय, साठा करणंही गुन्हा आहे. पुढचं सगळं मात्र तपासून घ्या.

फी किरकोळ? हो, शेजारच्या पेनसिल्व्हेनियात २५ डॉलर. पण त्याच राज्याने १ ऑक्टोबर २०१६पासून व्हेपच्या मालाच्या घाऊक किमतीवर ४० टक्के कर लावला, आणि तोही नुसत्या नव्या मालावर नाही. त्या दिवशी फळीवर जे होतं त्यावरसुद्धा. म्हणजे ५०,००० डॉलरचा माल पडून असेल तर एकही बाटली न विकता २०,००० डॉलर कर. कितीतरी छोटी दुकानं तेव्हा शटर ओढून मोकळी झाली. २५ डॉलरपायी कोणी बुडालं नाही.

एकच लायसन्स? न्यूयॉर्कमध्ये राज्याच्या कर खात्याकडे दर दुकानामागे वर्षाला ३०० डॉलर भरून नोंदणी करायची. दुकान न्यूयॉर्क शहरात असेल तर शहराचं लायसन्स वेगळं, आणि अशी लायसन्सं किती द्यायची याला विभागवार मर्यादा आहे. शिवाय राज्याची ती नोंदणी दुसऱ्याच्या नावावर होत नाही. आपल्याकडे पागडी देऊन गाळा हातात येतो, तसं इथे चालत नाही. गाळा घ्याल, गिऱ्हाईकही मिळेल, पण कागद तुमचे तुम्हालाच नव्याने करावे लागतील.

आता ते "बस्स". खरी गोम तिथेच आहे.

आमच्या जर्सीत फ्लेव्हरच्या, म्हणजे वेगवेगळ्या चवींच्या व्हेपवर बंदी आली २० एप्रिल २०२०ला, नेमकी लॉकडाउनमध्ये. दुकानं कुलूपबंद आणि माल आत. दुकानं उघडल्यावर एकाकडे मी आंबा, स्ट्रॉबेरी, पुदिन्याच्या बाटल्या मोजायला बसलो. रकान्यात खरेदीचा भाव लिहू की शून्य, असं विचारलं, तर तो बराच वेळ नुसता खोक्याकडे बघत राहिला. लायसन्स त्याचं चोख होतं. वयाचा पुरावा बघितल्याशिवाय त्याने कधी कोणाला काही दिलं नव्हतं.

वर अमेरिकेच्या केंद्र सरकारचं एफडीए, म्हणजे अन्न आणि औषध प्रशासन, आहेच. त्यांच्याकडे मान्यतेसाठी अडीच कोटींहून जास्त उत्पादनांचे अर्ज आले. जुलै २०२५पर्यंत मान्यता मिळाली ३९ उत्पादनांना, तीही सगळी तंबाखू किंवा मेंथॉल चवीची. राज्याचं लायसन्स भिंतीवर झळकत असलं तरी गल्ल्यामागच्या रंगीबेरंगी डिस्पोजेबल, म्हणजे वापरून फेकायच्या व्हेप, त्याने कायदेशीर होत नाहीत. विस्कॉन्सिन राज्याने तर १ सप्टेंबर २०२५पासून कोणती उत्पादनं विकता येतील त्याची यादीच लागू केली. यादीबाहेरच्या प्रत्येक उत्पादनामागे दिवसाला १,००० डॉलर दंड होऊ शकतो. फळीवर असे दहा प्रकार असतील तर दिवसाला किती, ते तुम्हीच मांडा.

"अहो, पण समोरचा दुकानदार बिनधास्त विकतोय!" विकतोय खरा. तपासणीला माणसं कमी पडतात, आणि जो सरळ धंदा करतो त्याचंच गिऱ्हाईक समोर जातं. छोट्या दुकानदारांची ही तक्रार रास्तच आहे. तरी समोरच्याच्या नशिबावर आपली पुंजी लावायला मी कोणाला सांगणार नाही.

परवा ग्रुपमधल्याच एकाने विक्रीला निघालेल्या दुकानाचा फोटो पाठवला. मधोमध फ्रेममध्ये लायसन्स. "काका, हे बघा, सगळं क्लियर आहे." मी म्हटलं, फ्रेम राहू दे, मागच्या फळीचा फोटो जवळून काढून पाठव, डब्यांवरची नावं वाचता येतील असा.

तो अजून आलेला नाही.