दोन नानांचे एक नाना करताना

रेंजफाइंडर जातीच्या जुन्या कॅमेऱ्याची कीर्ती तीन गोष्टींसाठी सांगितली जाते: तो आवाज करत नाही, कोणाच्या डोळ्यांत भरत नाही आणि अंधुक उजेडातही त्याचा फोकस अचूक बसतो. ही कीर्ती पसरवणारी मंडळी युरोपच्या ढगाळ हवेत वावरलेली असल्यामुळे तिच्यात खोटे असे काही नाही. पण त्यांच्यापैकी कोणी वैशाखातल्या भर दुपारी जळगावच्या दाणाबाजारात असा कॅमेरा गळ्यात अडकवून उभे राहिले असेल, असे मला वाटत नाही. मी उभा राहतो. तेव्हा या तिन्ही गुणांचे खानदेशात नेमके काय होते, हे सांगण्याचा थोडाफार अधिकार मला पोहोचतो.

आधी त्याची रचना सांगायला हवी, कारण सगळा जाच तिच्यातूनच उगवतो. या कॅमेऱ्यात लेन्समधून पाहायचेच नसते. पुढच्या बाजूला एकमेकींपासून काही अंतरावर दोन खिडक्या असतात. एकीतून दिसणारे दृश्य आत अर्धपारदर्शक आरशाच्या मदतीने दुसरीतल्या दृश्यावर पाडलेले असते, आणि त्यामुळे मधोमध असलेल्या पिवळसर ठिपक्यात प्रत्येक वस्तू दोनदा दिसते. लेन्सचे कडे फिरवले की त्यातली एक प्रतिमा सरकू लागते आणि दोन्ही एकमेकींवर चपखल बसल्या की फोकस साधला. म्हणजे आमच्या नानाकाकांचा फोटो काढायचा, तर आधी दिसणाऱ्या दोन नानांचे एक नाना करावे लागतात. एकटे नाना घर डोक्यावर घेतात, त्यामुळे दोन नाना ही कल्पना काकूंना क्षणभरही सोसवत नाही. पण अडचण ती नाही. अडचण अशी की दोन नाना अर्ध्यावर सरकत आलेले असतात, तेवढ्यात शेतातली थ्री-फेज लाईट येते आणि दोघेही मोटर चालू करायला उठून जातात.

हे यंत्र निवडण्याचा प्रकार त्याहून अवघड आहे. ऑस्कर बार्नाक यांनी वेट्झलारच्या लाइट्झ कारखान्यासाठी घडवलेला लायका १९२५ साली लाइपझिगच्या व्यापारी जत्रेत लोकांपुढे आला, तेव्हा अंतर डोळ्यांनीच अदमासायचे होते. लेन्सला जोडलेला रेंजफाइंडर लायकात आला तो १९३२ साली, आणि त्याच वर्षी झाइस इकॉनचा कॉन्टॅक्सही त्याच्याशी स्पर्धा करायला उतरला. पुढे १९५४ साली लायकाचा एम-३ निघाला आणि या जातीची परमावधी झाली, असे जाणकार मानतात. मीही मानतो. मात्र एम-३ ची किंमत आमच्या घरी रुपयांत सांगून चालत नाही, कारण सराफ बाजाराच्या गावात काकू ती मनातल्या मनात तोळ्यांत करून घेतात, आणि तोळे ऐकल्यावर पुढचे बोलणे खुंटते.

मग माणूस सोव्हिएत कॅमेऱ्यांकडे वळतो. खार्किवच्या कम्यूनमध्ये तयार होणारा फेड हा लायकाची नक्कल, क्रास्नोगोर्स्कचा झोर्की हा त्या फेडचा वंशज, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर कॉन्टॅक्सची यंत्रसामग्री सोव्हिएत संघात नेऊन घडवलेला तो कीव. तिघेही मजबूत आणि तिघेही तऱ्हेवाईक. झोर्की-४ मध्ये शटर, म्हणजे फिल्मपुढचा उघडझाप करणारा पडदा, चढवण्याआधी वेगाची चकती फिरवली तर आतली यंत्रणा बिघडू शकते, म्हणून तो हातात घेण्यापूर्वी हा नियम जानव्यासारखा अंगावर वागवावा लागतो. कीवची तऱ्हा निराळी: त्याची रेंजफाइंडरची खिडकी नेमकी उजव्या हाताची बोटे जिथे सहज टेकतात तिथे आहे, त्यामुळे एक बोट हवेत उंचावूनच तो धरावा लागतो आणि पाहणाऱ्याला वाटते, हे गृहस्थ चहाचा कप धरायला विसरले आहेत. शिवाय फेड आणि झोर्कीवर लायकाचे नाव कोरून, सोनेरी मुलामा चढवून विकण्याचा धंदा फार जुना आहे. खरा लायका ओळखायचा तर लेन्स काढून आत डोकवावे: लेन्सला टेकणाऱ्या दांडीच्या टोकाला लायकात गोल चाक असते आणि सोव्हिएत भावंडांत बहुधा पाचरीसारखा तुकडा. सोन्याची पारख गावच्या रक्तातच असली, तरी ही पारख कसोटीच्या दगडावर होत नाही.

तिसरी वाट जपानी. १९६६ चा याशिका इलेक्ट्रो ३५ किंवा १९७२ चा कॅननेट क्यूएल१७ जी-३ यांच्या लेन्स बदलता येत नाहीत, पण दोन्ही लेन्स एफ/१.७ इतक्या उघडतात (एफचा आकडा जितका लहान, तितकी लेन्स जास्त उघडी) आणि दामही माणसात असतात. फक्त दोन्ही कॅमेरे पाऱ्याच्या बॅटरीसाठी बनलेले आहेत आणि पाऱ्याच्या बॅटऱ्या आता मिळत नाहीत. याशिकाला ५.६ व्होल्टऐवजी ६ व्होल्टची बॅटरी थोडी कसरत करून चालते; बॅटरीच नसली तर तो सेकंदाच्या ५०० व्या भागाखेरीज दुसऱ्या वेगाने उघडायला तयार होत नाही. कॅननेटचे उजेड मोजणारे मीटर बॅटरीविना मुके होते, पण शटरचे सगळे वेग चालू राहतात. मला हा स्वभाव अधिक आवडतो. घरातही अशी माणसे बरी असतात.

विकणाऱ्याने पाठवलेल्या वर्णनात ‘वर्किंग कंडिशन’ हे दोन शब्द हमखास असतात, आणि त्यांचा अर्थ वस्तू अजून दोन तुकड्यांत झालेली नाही, एवढाच घ्यावा. लेन्सच्या मागून टॉर्च मारून बुरशीची जाळी पाहावी, उजेडाची वाट लहानमोठी करणाऱ्या अपर्चरच्या पात्यांवर तेल ओघळले आहे का ते पाहावे; आमच्याकडच्या उन्हाळ्यात जुने ग्रीस पातळ होऊन पात्यांवर येते आणि पाती एकमेकींना सोडत नाहीत. झोर्कीवर बसणारी ज्युपिटर-८ ही ५० मिलिमीटरची एफ/२ लेन्स झाइसच्या ‘सोनार’ नावाच्या लेन्सवर बेतलेली आहे. तिच्या कड्यावरचे लाल ‘п’ अक्षर काचेवर लेप असल्याची खूण आहे, पण तो लेप आजवर कितीजणांनी धोतराच्या सोग्याने पुसला आहे, हे ते अक्षर सांगत नाही. याशिकाची खोड लिव्हर ओढून ओळखता येते. आतला रबराचा तुकडा शाबूत असेल तर ‘टक्’ असा आवाज येतो. आवाज आला नाही तर रबराचा चुरा झालेला असतो आणि सगळा कॅमेरा उघडण्याशिवाय गत्यंतर नसते.

असे कॅमेरे उघडणारे एक वयस्क घड्याळजी जुन्या गावात आहेत. ते प्रथम पंखा बंद करतात, मग एका डोळ्याला भिंग लावतात आणि गेल्या वर्षाच्या कॅलेंडरचे एक पान समोर पसरतात. कॅमेऱ्यातून निघणारा प्रत्येक स्क्रू ज्या क्रमाने निघाला त्या क्रमाने एकेका तारखेच्या चौकटीत ठेवला जातो, आणि जोडताना महिना उलटा मोजत यायचे असते. वरचे झाकण अमावास्येला निघते, रिवाइंडची कळ प्रतिपदेला. रेंजफाइंडरचा आरसा दिसू लागला की ते कापसाचा बोळा दूर सारतात आणि नुसती रबरी फुंकणी चालवतात. या आरशावरचा मुलामा इतका हळवा असतो की पुसायला जावे तर धुळीबरोबर तोही निघून जातो आणि मग दुसरे नाना दिसायचेच बंद होतात. मे महिन्यात बंद पंख्याखाली बसून हे सगळे पाहताना घामाचा थेंब द्वितीयेवर पडू नये, म्हणून मी चार हात लांब बसतो.

त्यानंतर अनंत अंतरावरचा फोकस तपासायचा. त्यासाठी पुष्कळ दूरची, ठळक कडांची वस्तू लागते, आणि यावल-फैजपूरच्या बाजूला केळीच्या बागांपलीकडे सातपुड्याची रांग त्यासाठीच उभी असल्यासारखी आहे. दिवाळीच्या सुमारास ती कामी येतेही. उन्हाळ्यात मात्र झळांमुळे सातपुडा स्वतःच एका जागी ठरत नाही, आणि दोन सातपुड्यांचा एक सातपुडा झाला की नाही, याचा निर्णय पावसाळ्यापर्यंत पुढे ढकलावा लागतो.

आता त्या कीर्तीकडे वळू. आवाज होत नाही, हे खरे आहे: आत उडी मारणारा आरसा नसतो, त्यामुळे नुसती बारीक ‘टिक्’ होते. पण कॅमेरा नजरेत येत नाही, हे सारंगखेड्याच्या यात्रेत उभे राहून कोणी म्हणून दाखवावे. तापीकाठी दत्तजयंतीला भरणाऱ्या त्या घोड्यांच्या बाजारात मोबाईलवर फोटो काढणाऱ्या हजारो माणसांकडे कोणी ढुंकून पाहत नाही, आणि चामड्याच्या पिशवीतून झोर्की बाहेर पडताच लाखमोलाचा घोडा सोडून गिऱ्हाईक आणि मालक दोघेही माझ्याभोवती गोळा होतात. “हाई काय शे भाऊ?” अशी सुरुवात होते, घोड्याचे दात पाहावेत तशी सर्वांच्या हातांतून कॅमेऱ्याची पाहणी होते, आणि शेवटी मागची बाजू उलटवून, “फोटो कुठे दिसतो यात?” हा प्रश्न येतो. फोटो महिनाभराने दिसेल, हे उत्तर ऐकून माझ्याकडे सहानुभूतीने पाहिले जाते. एवढ्यात घोडा हललेला असतो. तिथला दत्त प्रसिद्धच आहे तो एकमुखी म्हणून. माझ्या ठिपक्यातला घोडा मात्र शेवटपर्यंत दोनमुखी राहतो.

घरी निराळा पेच असतो. पाहायचे एका खिडकीतून आणि फोटो निघायचा दुसऱ्याच काचेतून, त्यामुळे लेन्सवरची टोपी तशीच राहिली तरी खिडकीतून जग लख्ख दिसते. यावर उपाय म्हणून बटण दाबण्यापूर्वी माझी पत्नी दर वेळी मोठ्याने विचारते, “टोपी काढली का?” आणि दर वेळी नाना आपली पांढरी टोपी काढून मांडीवर ठेवतात. त्यांच्या सगळ्या फोटोंत त्यांचे टक्कल आहे.

मोठ्या उघडणाऱ्या लेन्सचे तर आमच्या सूर्याने हसे केले आहे. उजेड टिपण्याच्या ४०० क्षमतेची फिल्म घालून उन्हात उतरावे तर एफ/१६ आणि सेकंदाचा ५०० वा भाग हा हिशेब फाल्गुनापासून मृगापर्यंत सहसा बदलत नाही. मीटर बंद पडले तरी कळत नाही. आणि ५० मिलिमीटरच्या लेन्सवर एफ/१६ ठेवून अंतराचे कडे पाच मीटरवर आणले की सुमारे अडीच मीटरपासून सातपुड्यापर्यंत सगळे स्पष्ट येते. याचा अर्थ असा की ज्या पिवळ्या ठिपक्यासाठी एवढी पारख, घड्याळजी आणि अमावास्या-प्रतिपदा केली, त्याच्याकडे दिवसा पाहण्याची गरजच उरत नाही, आणि तिन्हीसांजेला गरज पडते तेव्हा साठ वर्षांच्या आरशात तो दिसत नाही. वर कॅमेरा टोपीविना उन्हात ठेवण्याचीही सोय नाही. झोर्कीचे पडदे रबर लावलेल्या कापडाचे असतात, मध्ये आरसा आड येत नाही, त्यामुळे लेन्स सूर्याकडे रोखलेली राहिली तर किरण थेट पडद्यावर एकवटून त्याला भोक पाडू शकतात.

फिल्म फ्रिजमध्ये ठेवावी आणि वापरण्याआधी खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी, अशी सूचना असते. ती लिहिणाऱ्यांची खोली कुठे होती कोण जाणे. आमच्या खोलीला येण्यापेक्षा ती फ्रिजमध्ये कैरीच्या पन्ह्याशेजारी सुखात असते. कृष्णधवल फिल्म धुण्याचा नेहमीचा हिशेब २० अंश सेल्सिअसचा, त्यासाठी बर्फगोळेवाल्याकडून बर्फ आणावा लागतो. याउलट रंगीत फिल्मच्या सी-४१ प्रक्रियेला ३८ अंशांचे द्रावण लागते आणि ते तापमान राखण्यासाठी ठिकठिकाणचे लोक विजेची उपकरणे विकत घेतात. खानदेशाला निसर्गाने दिलेली ही एकमेव सवलत आहे: मे महिन्यात गच्चीवरच्या काळ्या टाकीचा नळ सोडावा, आणि पाणी किंचित निवण्याची वाट पाहावी.

याच भागात, चाळीसगावात, छायाचित्रकार केकी मूस यांनी वर्षानुवर्षे घराबाहेर पाऊल न टाकता टेबलावर मांडलेल्या वस्तूंतून डोंगर-दऱ्या उभ्या केल्या आणि त्या छायाचित्रांनी मोठे नाव मिळवले. उन्हात न जाण्याचा त्यांचा मार्ग मला मनोमन पटतो, पण झोर्की एक मीटरच्या आत फोकसच करत नाही, त्यामुळे तेही दार बंद आहे.

राहता राहिली हिवाळ्यातली भरीत पार्टी. ऐन थंडीत नानांच्या शेतात पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजली जातात, अंधार पडतो, आणि वर्षातून अशा वेळीच एफ/२ ला काही काम असते. सेकंदाचा ३० वा भाग, अंतर एक मीटर. एवढ्या जवळून स्पष्टतेची पट्टी जेमतेम पाच सेंटिमीटर जाडीची मिळते. माणसे हलतात, भाकरी फिरते, मुले पळतात. म्हणून मी जाळावरचे एक थोराड हिरवे वांगे धरले, कारण त्याच्या कडेवरच्या निखाऱ्याच्या रेषेने दोन प्रतिमा ठळक दिसत होत्या आणि ते कुठे जाणार नव्हते. जळगावच्या भरताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालेलेच आहे, तेव्हा विषयही भारदस्त होता.

प्रिंट हातात आली तेव्हा काकूंनी ती बराच वेळ न्याहाळली. “वांगं देखणं आलंय,” त्या म्हणाल्या, “पण मागं हा धुरासारखा कोण बसलाय?”

“मीच तो,” नाना म्हणाले, आणि त्यांनी लगेच आणखी एक प्रत मागून घेतली. ती त्यांना बियाण्याच्या दुकानदाराला दाखवायची होती. त्याने गेल्या वर्षी याच वाणाबद्दल शंका काढली होती.