ओटल्यावरचं बाली

इंदुरात कट्टा म्हणायची चोरी आहे. इथल्या हिंदीत कट्टा म्हणजे गावठी पिस्तूल, त्यामुळे "आठला कट्ट्यावर ये" असं फोनवर मोठ्यानं म्हटलं की रिक्षावाला आरशातून बघायला लागतो. म्हणून आम्ही ओटलाच म्हणतो. रामबागेतल्या एका दुकानाचा ओटला, दुकान आठला बंद होतं, समोर चहावाला, आणि मग आम्ही पाच जण.

परवा मुकुंदा आला तो मोबाईल पुढे धरूनच. लग्नाला पंचवीस वर्षं होऊन राहिली आहेत, डिसेंबरच्या सुट्टीत बालीला जायचं ठरलंय. सात रात्री. तो, वहिनी, मुलगी आणि आई. आई शहात्तर वर्षांच्या, एका गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं टाळत आणलेलं.

"हे बघा, सेमिन्याक. समुद्र दोन मिनिटांवर, पूल आहे, नाश्ता धरून. आज रात्री बारापर्यंतच हा भाव आहे."

"भाव नेहमी बारापर्यंतच असतो," नाना म्हणाले. "उद्याही बारापर्यंतच असेल."

नाना एका टूरबरोबर जाऊन आलेले. तेव्हापासून बालीचा विषय निघाला की त्यांचा चहा गार होतो. टूरवाल्यानं त्यांना पाचही रात्री कुटामध्ये एकाच हॉटेलात ठेवलं, विमानतळापासून दहा मिनिटांवर, आणि ते मोठं भूषण म्हणून सांगितलं. "अरे, विमानतळ लागतो दोनदा, येताना आणि जाताना! बाकीचे दिवस रोज सकाळी गाडीत. भाताची शेतं बघायला दीड तास, परत यायला दोन. बाली मी खिडकीच्या काचेतून पाहिलं म्हण ना."

मग त्यांनी ओटल्यावर सांडलेल्या चहात बोट बुडवून बेट काढलं. हे बेट कोंबडीसारखं दिसतं असं म्हणतात. नानांचं जरा बदकाकडे झुकलं. खाली दक्षिणेला एक लोंबता तुकडा, त्याच्या मानेवर विमानतळ. मानेच्या डावीकडे, म्हणजे पश्चिम किनाऱ्याला, एका माळेत कुटा, लेगियान, सेमिन्याक आणि चांगू. उजवीकडे पूर्वेला सानूर. लोंबत्या तुकड्याच्या टोकाशी नुसा दुआ. मध्ये वर, समुद्रापासून लांब, उबुड. त्याच्याही वर डोंगर: बातूर, आणि तीन हजार मीटरच्या वर गेलेला आगुंग. पार उत्तरेला लोविना, पूर्वेच्या कोपऱ्यात आमेड.

"एवढंसं तर बेट आहे," मुकुंदा म्हणाला. "कुठूनही कुठेही जाता येईल."

इथेच सगळे फसतात. बेटावर रेल्वे नाही, मेट्रो नाही, रस्ते अरुंद, आणि दक्षिणेत गर्दी अशी की तीस-पस्तीस किलोमीटरला दीड तास सहज. तेवढ्यात आपण इंदूरहून उज्जैन गाठतो, वाटेत कचोरी खाऊन. त्यामुळे नकाशातले किलोमीटर मोजायचे नाहीत, तास मोजायचे. बालीत मुक्काम निवडणं म्हणजे हॉटेल निवडणं नव्हे. रोज सकाळी किती वेळ गाडीत बसायचं, हे निवडणं आहे. हे माझं मत, आणि मी ते तिथे मोठ्यानं सांगितलं. कोणी ऐकलं नाही, कारण शिरू आला होता.

शिरू आमच्यात सगळ्यात लहान, एकतीसचा. त्याचं म्हणणं, जायचं तर चांगूला. लाटा, कॅफे, रात्रीचं गाणं-बजावणं, स्कूटर भाड्यानं घ्यायची की झालं. "भिया, सेमिन्याक म्हणजे आपलं इंदुरातलं चकचकीत विजयनगर. कुटा म्हणजे राजवाड्याची दिवाळीतली गर्दी. चांगू म्हणजे..."

"आईला स्कूटरवर मागे बसवू?" मुकुंदानं विचारलं.

चित्राताई तोवर गप्प होत्या. त्या शाळेत भूगोल शिकवतात आणि दोन वर्षांपूर्वी बहिणीबरोबर सगळं स्वतः ठरवून जाऊन आल्या आहेत. त्यांनी आधी स्कूटर निकालात काढली. आंतरराष्ट्रीय परवाना नसेल तर पोलीस पकडतातच, वर अपघात झाला तर विमा हात वर करतो. मग म्हणाल्या, "मुकुंदा, तू डिसेंबरात जाणार. पश्चिम किनारा डिसेंबरात पाहिलायस का?"

पाहिला नव्हता. फोटोतला सूर्यास्त कोरड्या महिन्यांतला असतो. तिथे साधारण एप्रिल ते ऑक्टोबर कोरडं, आणि नोव्हेंबर ते मार्च पाऊस. त्या महिन्यांत वारा पश्चिमेकडून येतो, नद्यांतून समुद्रात गेलेला आणि लांबून वाहत आलेला कचरा कुटा, लेगियान, सेमिन्याकच्या वाळूवर येऊन पडतो. प्लास्टिक, लाकडाचे ओंडके, चपला. सकाळी यंत्रं लावून उचलतात, भरतीला पुन्हा हजर. "आपण इंदूरवाले," चित्राताई म्हणाल्या, "२०१७पासून स्वच्छतेत पहिल्या नंबरची पाटी घेऊन फिरणारे. पैसे भरून कचऱ्यात बसणार?"

आणि लाटा. त्या बाजूला समुद्र उघडा आहे, म्हणून तर फळीवर उभं राहून लाटांवरून घसरणारे तिथे जातात. पाण्याची आत खेचणारी ओढही आहे, लाल झेंडे लावलेले असतात. शिरूला ते हवंच आहे; शहात्तर वर्षांच्या बाईला नको.

नाना लगेच म्हणाले, "म्हणून सांगतो, उबुड. समुद्र भेडाघाटाला नाही, म्हणून काही अडतं का?" हे वाक्य कोणालाच कळलं नाही, पण उबुडची बाजू त्यांनी जोरात मांडली. सकाळी धुकं, ओढ्यांचा आवाज, दगडी दारांची देवळं, संध्याकाळी नाच. पायऱ्यापायऱ्यांची शेती, आणि तिला पाणी वाटायची 'सुबक' नावाची पद्धत, जी हजारएक वर्षं चालू आहे: कोणाच्या शेतात पाणी कधी सोडायचं, हे शेतकऱ्यांचं मंडळ पाण्याच्या देवळातून ठरवतं. २०१२मध्ये युनेस्कोनं तिला जागतिक वारशात घेतलं. नाना पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. या विषयावर त्यांचा आवाज कातर होतो, आणि आम्ही तो होऊ देतो.

पण उबुडची एक गोष्ट फोटोत येत नाही. गाव दऱ्यांच्या काठाकाठानं वसलेलं आहे. 'शेताचं दृश्य' असलेली खोली बहुधा उतारावर असते, आणि नाश्त्याला वर यायला साठ-सत्तर पायऱ्या निघतात, पावसात शेवाळलेल्या. मी विचारलं, "नाना, तुमच्या त्या शेतात उतरायला किती पायऱ्या होत्या?" ते चहाच्या डागाकडे बघत राहिले.

"बरं, मग नुसा दुआ," मुकुंदा म्हणाला. "ऑफिसातले सगळे तिकडेच जातात."

नुसा दुआ वाईट नाही. सत्तरच्या दशकात आखून वसवलेली मोठ्या हॉटेलांची वसाहत, फाटकावर गाडी तपासतात, हिरवळ कापलेली, वाळू साफ, पाणी बरंचसं शांत. आजारी माणसाला, तान्ह्या मुलाला उत्तम. फक्त फाटकाबाहेर पडून नाक्यावर चहा प्यावा म्हटलं तर नाका नाही. जो माणूस रोज रात्री आठला या ओटल्यावर येतो, तो सात रात्री हिरवळ बघत बसेल? मला नाही वाटत.

"सानूर," चित्राताई म्हणाल्या.

शिरू हसला. "तिकडे सगळे पेन्शनर! गोऱ्यांनी त्याचं नावच 'स्नोर' पाडलंय, घोरणाऱ्यांचं गाव!"

"मग? मुकुंदा काय कमी घोरतो?"

चित्राताईंचं सानूर असं: किनारा पूर्वेचा, म्हणजे सूर्यास्त नाही, सूर्योदय. पुढे समुद्रात प्रवाळाची भिंत आहे, लाटा तिथेच फुटतात, अलीकडचं पाणी तळ्यासारखं. किनाऱ्याला लागून पाचएक किलोमीटरची सपाट फरसबंद वाट, गाडी नाही, सायकली आणि चालणारे. वाटेत खानावळी, हॉटेलाच्या भावाच्या नव्हेत. उबुड तासाभरावर. समोरच्या नुसा पेनिडा बेटावर जायच्या बोटीही सानूरच्याच बंदरातून सुटतात, म्हणजे मुलगी आणि शिरूसारखे कोणी असतील त्यांना तिथल्या कड्यांवर चढता येईल, आई इथे बसतील.

एक गंमत त्यांनीच सांगितली. सानूरला १९६६मध्ये दहा मजली हॉटेल उभं राहिलं. लोकांना ते इतकं खुपलं, की पुढे नियम झाला: इमारत पंधरा मीटरच्या वर नको, म्हणजे नारळाच्या झाडाएवढीच. "आपल्याकडे असता तर," नाना म्हणाले, "झाडं तोडून इमारतीएवढी केली असती."

मी मात्र एक खोट काढली, कारण सगळे एका बाजूला झाले की मला करमत नाही. सानूरला ओहोटीला पाणी पार लांब जातं. शेवाळ, गोटे आणि घोट्याएवढं पाणी, पोहायचं नाव नको. चित्राताईंनी ते मान्य केलं. "पण ओहोटी दिवसभर नसते. वेळ बघून उतरायचं."

मध्येच चहावाल्यानं विचारलं, "वहाँ के लोग हिंदू हैं ना?" मग तिकडे गाडी गेली. दारोदारी नारळाच्या पानाच्या छोट्या द्रोणात फुलं ठेवलेली असतात, पाय जपून टाकावा लागतो. आणि त्यांचं वर्ष शकाचंच! आपलं १९४८ ते त्यांचंही १९४८. २०२६मध्ये आपला पाडवा आणि त्यांचा न्येपी, म्हणजे त्यांचा वर्षाचा पहिला दिवस, दोन्ही १९ मार्चलाच आले. फक्त आपण गुढी उभारून श्रीखंड खातो, ते चोवीस तास मौन पाळतात. दिवे नाहीत, रस्त्यावर माणूस नाही, विमानतळसुद्धा बंद. पाहुण्यांनीही हॉटेलाच्या आवाराबाहेर पडायचं नाही. मार्चमध्ये जाणाऱ्यानं तारीख बघून हॉटेल घ्यावं, अंगण मोठं असलेलं. मुकुंदाला हे लागू नव्हतं, तरी नानांनी 'शालिवाहन तिथे कसा पोचला' यावर दहा मिनिटं घेतली. ती मी इथे देत नाही.

जेवणाचं थोडक्यात. आई शाकाहारी. टेम्पे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या, आणि भाज्या कुठेही मिळतात, पण तिथल्या सांबलमध्ये, म्हणजे मिरचीच्या चटणीत, बहुतेक वेळा तेरासी, म्हणजे कोळंबीचा आंबवलेला लगदा, असतो. तो नको म्हणून आधी सांगावं लागतं. शिरूनं जीरावनाची, म्हणजे पोह्यांवर भुरभुरायच्या आपल्या इंदुरी मसाल्याची, डबी न्यायचा सल्ला दिला. संध्याकाळभरातला हा त्याचा एकमेव उपयोगी सल्ला.

शेवटी वाद आला तो एक मुक्काम की दोन यावर. नानांना चार सानूर, तीन उबुड हवे. मुकुंदाला बॅगा दोनदा भरायच्या नाहीत. माझं म्हणणं, सात रात्रींत एकदा जागा बदलावी, दोनदा नाही. पण आई बरोबर असतील तर तेही सोडावं आणि उबुड दिवसाभरात उरकावं. चित्राताई म्हणाल्या, उरकायचं असेल तर जाऊच नये.

मुकुंदानं वैतागून घरी फोन लावला, स्पीकरवर. "आई, तुला काय पाहिजे? सूर्यास्त, शेत, का पूल?"

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. मग आई म्हणाल्या, "मला पाण्यात बसता येईल का रे? ओंकारेश्वरला घाटावर बसते तसं. कमरेपर्यंत. आणि सकाळी फिरायला सपाट असलं म्हणजे झालं."

शिरूसकट कोणी काही बोललं नाही. मुकुंदानं सेमिन्याकचं पान मिटलं आणि सानूर शोधायला घेतलं.

"तळमजल्याची खोली माग," चित्राताई म्हणाल्या. "आणि तुमच्या तारखांना भरती किती वाजता, ते त्यांनाच विचार."

नानांनी फडक्यानं चहाचं बेट पुसलं. "आणि हेही विचार, की भाव कितीपर्यंत आहे."

मुकुंदानं खाली बघून सांगितलं, "बारापर्यंत."