खुलासा: ‘अहिल्याबाईंनी स्वतःला देवी जाहीर केलं होतं’?

‘अहिल्याबाईंनी स्वतःला देवीचा अवतार जाहीर केलं, म्हणून नावाआधी देवी लागतं’ असा मेसेज इंदूरच्या आपल्या मराठी ग्रुपांवर फिरतोय. राजवाड्यासमोर पोह्यांच्या प्लेटा हातात घेऊन दोघं त्यावर भांडताना मी स्वतः ऐकली.

तर, हे उलटं आहे. लोक त्यांना अवतार मानत, हे खरं. त्या गेल्या 1795 मध्ये. 1818 च्या सुमारास माळव्यात असलेल्या जॉन माल्कम या ब्रिटिश अधिकाऱ्याने तशी नोंदच केली आहे. पण बाईंची वागणूक? तोच माल्कम सांगतो: एका ब्राह्मणाने त्यांची स्तुती करणारा ग्रंथ रचून आणला. बाईंनी तो शांतपणे ऐकला, ‘मी दुबळी, पापी बाई’ म्हणाल्या आणि ग्रंथ नर्मदेत टाकायला लावला. बिदागीचं तर नावच नको! आज्ञापत्रांवरही स्वतःच्या नावाऐवजी ‘श्रीशंकर’. चित्रातली ती पांढरी साडी आणि तळहातावरची पिंड आठवा. देव तळहातावर होता.

विद्यापीठाचं म्हणाल तर ते 1964 मध्ये साधं ‘इंदूर विद्यापीठ’ होतं, ‘देवी अहिल्या’ झालं 1988 मध्ये. म्हणजे ‘देवी’ लावलं ते लोकांनी आणि सरकारने.