वर्षभराचं जिरं एकदाच भरा

घरात महिन्याला किराण्याचे सहा हजार रुपये निघतात आणि तेही ओढूनताणून? मग उपाय सोपा आहे. एकदम अठरा हजारांचा किराणा भरा. ज्याच्याकडे पैसा कमी, त्यानं तो एक तारखेलाच संपवून टाकावा, म्हणजे उरलेला महिना तो कुठे गेला याची चिंता करावी लागत नाही. यासाठीच शहराबाहेर हायवेला लागून मेंबरकार्डावर माल देणारी होलसेल गोदामं असतात. तिथली ट्रॉली एवढी मोठी की तिच्यात दोन किलो साखर ठेवली तर आपल्यालाच ओशाळल्यासारखं होतं. तुम्ही ओशाळून घ्या, आणि ट्रॉली भरेपर्यंत थांबू नका.

सुरुवात कार्डापासून. परकीय गुंतवणुकीच्या असल्या घाऊक ‘कॅश अँड कॅरी’ दुकानांना भारतात 2006 पासून सरकारची वेगळी मंजुरी लागत नाही, पण माल धंदेवाल्यांनाच विकायचा ही अट आहे. म्हणून जीएसटी नंबर, गुमास्ता किंवा तसला एखादा परवाना दाखवावा लागतो. तुमच्याकडे यातलं काहीच नाही, म्हणजे तुमच्या मेहुण्याकडे नक्की असणार. त्याचं नाश्त्याचं दुकान आहे ना? घ्या त्याचं कार्ड. बिल त्याच्या जीएसटी नंबरवर फाटेल, पुढच्या महिन्यात ते त्याच्या 2बी विवरणात, म्हणजे खरेदीच्या जीएसटी यादीत दिसेल, आणि पोहे-तर्री विकणाऱ्या माणसानं लहान मुलांच्या डायपरचे चार मोठे पॅक का घेतले, हे त्यानं आपल्या सीएला सावकाश समजावून सांगावं. घरगुती वापराच्या मालावर इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, घेता येत नाही, जीएसटी कायद्याचं कलम 17(5) तसं स्पष्ट सांगतं. त्यानं चुकून ते घेतलं आणि नोटीस आली, तर नातं टिकवायची जबाबदारी तुमच्या बायकोवर सोपवा.

अमेरिकेतला भाचा म्हणेल, आमच्याकडे तर कोणीही पैसे भरून मेंबर होतो. खरं आहे. तिथल्या कॉस्टको या होलसेल दुकानाची साधी मेंबरशिप सप्टेंबर 2024 पासून वर्षाला 65 डॉलर झाली. ते दुकान मालावर फारसा नफा काढत नाही, नफ्याचा मोठा भाग त्या फीतूनच येतो. म्हणजे भाच्यानं काही विकत घेण्याआधीच दुकानाचं बरंचसं भागलेलं असतं. त्याच्याकडे गाडी ठेवायचं गॅरेज आहे, गॅरेजमध्ये दुसरा फ्रिज आहे आणि फ्रिजशेजारी रिकामी भिंत आहे. तुमच्याकडे दिवाण आहे. दिवाणाखाली रजया आहेत. पण रजया काय, कोणालाही देता येतात.

आता हिशेब, जो तुम्ही करायचा नाही. समजा एखाद्या मेंबरशिपला वर्षाची हजार रुपये फी आहे आणि तिथे माल सरासरी पाच टक्के स्वस्त पडतो. तर फी वसूल व्हायलाच वीस हजारांची खरेदी लागते, आणि तीही घरात एरवी आलीच असती अशा वस्तूंची. कॉर्नफ्लेक्सचा जंबो डबा यात धरायचा नाही, कारण तो तुम्ही एरवी घेतला नसता. फी नसली तरी सहा हजारांच्या किराण्यावर पाच टक्के म्हणजे तीनशे रुपये. स्कूटीवर तेलाचा पिपा आणि तांदळाचा कट्टा एका फेरीत येत नाही, तेव्हा ऑटो करावा लागेल. जाण्यायेण्याचे चारशे धरा. महिन्याला शंभर रुपये घालून तुम्ही तीनशे रुपये वाचवले.

बिलाखाली मात्र ‘आज आपण वाचवले’ म्हणून मोठा आकडा छापलेला असतो. तो बिनदिक्कत घरी दाखवा. तो आकडा एमआरपीतून वजा करून काढलेला असतो, आणि गल्लीतला किराणावालासुद्धा पिपा एमआरपीनं विकत नाही, हे घरच्यांच्या लक्षात यायला वेळ लागतो.

शेल्फवरची पाटी वाचण्याची एक पद्धत आहे. मोठ्या अक्षरात असेल तेवढंच वाचायचं. काही ठिकाणी कर सोडून किंमत ठळक छापतात आणि करासकट किंमत खाली बारीक. धंदेवाल्याला कर परत मिळतो, त्यामुळे त्याच्यासाठी वरचा आकडा बरोबर. तुमच्यासाठी खालचा. पाटीवर तीन भावही असतात, एक नग घेतला तर, तीन घेतले तर आणि सहा घेतले तर. घरून निघताना मनात धरलेला भाव हा सहा नगांचा होता, हे काउंटरवर कळतं. तोवर मागे रांग लागलेली असते, मग आणखी पाच बाटल्या फिनाईल उचलणं हेच सभ्यपणाचं.

पाकिटावर हल्ली प्रति किलो किंवा प्रति ग्रॅम भाव छापावा लागतो. हा नियम गोंधळ कमी करण्यासाठी आला आहे, पण तुम्ही धीर सोडू नका. किलोच्या आतल्या पाकिटावर तो ग्रॅममागे असतो आणि किलोच्या वरच्या पाकिटावर किलोमागे. 0.15 रुपये आणि 152 रुपये शेजारी ठेवले तर पहिला आकडा भलताच स्वस्त वाटतो आणि दुसरा भलताच महाग. हजारानं गुणलं की 150 येतात, म्हणजे लहान पाकीटच किलोमागे दोन रुपयांनी स्वस्त निघालं. मोबाईलमध्ये कॅल्क्युलेटर असतो, तो अशा वेळी उघडायचा नाही. शाम्पूच्या बाबतीत तर अजिबातच नाही, कारण एक-दोन रुपयांची पुडी मिलिलिटरमागे लिटरच्या बाटलीपेक्षा बरेचदा स्वस्त पडते. शिवाय पुडीत शाम्पू मोजका असतो. बाटलीच्या पंपावर घरातला सगळ्यात धाकटा सदस्य सहा वेळा हात मारतो, आणि महिन्याची बाटली पंधरा दिवसांत संपते. मोठा पॅक घरात आला की हात मोठा होतो, हे बिस्किटांनाही लागू आहे आणि तुपालाही.

तेलाच्या पिपाकडे या. फल्लीतेल असो की सोयाबीन, एक पिपा 15 किलोचा असतो आणि त्याच्यासारखाच दिसणारा दुसरा 15 लिटरचा. एक लिटर तेल साधारण 910 ग्रॅम भरतं. म्हणजे 15 लिटरच्या पिपात 13 किलो 650 ग्रॅम तेल. समजा किलोवाला 2,100 ला आहे आणि लिटरवाला 2,000 ला, तर तुम्ही शंभर रुपये वाचवायचे आणि लिटरवाला आणायचा. किलोमागे तो 140 ऐवजी 146 रुपये पन्नास पैशांना पडला, हे कोणी सांगेपर्यंत पिपा कापून झालेला असेल. कापलेला पिपा परत घेत नाहीत. चौघांच्या घरात महिन्याला साडेतीन-चार किलो तेल लागतं, म्हणजे पिपा चार महिने पुरणार. तो मार्चमध्ये घ्या. एप्रिल-मे त्याला गच्चीखालच्या स्वयंपाकघरात, झाकण अर्धं उघडं ठेवून, गॅसच्या शेजारी उभा करा. हवा, उजेड आणि उष्णता या तिन्हींनी तेल खवट होतं, आणि नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या तापत्या नऊ दिवसांत, नागपूरला तिसरी गोष्ट फुकट मिळते. कोणी सांगेल की पिपा फोडल्याबरोबर तेल गाळून पाच-पाच किलोच्या स्टीलच्या डब्यांत काठोकाठ भरावं, अंधाऱ्या जागी ठेवावं आणि एका वेळी एकच डबा उघडावा. असल्या माणसांच्या घरी तेल खवट होत नाही आणि वर्षभर बोलायला विषयही मिळत नाही.

तांदळाचा कट्टा 26 किलोचा का असतो, हा प्रश्न अनेकांना पडतो. 18 जुलै 2022 पासून 25 किलोपर्यंतच्या पॅकबंद, लेबल लावलेल्या धान्यावर 5 टक्के जीएसटी आहे, त्याच्या वर नाही. साठ रुपये किलोचा तांदूळ 25 किलो घेतला तर 1,500 आणि वर 75 कर, आणि 26 किलो घेतला तर 1,560. एक किलो जास्त घेऊन पंधरा रुपये कमी. होलसेलच्या बाजूनं याहून सरळ हिशेब सापडणार नाही. त्यामुळे एक अडचण आधीच सांगून ठेवली पाहिजे, की दुकानदारानं चुंगडीतून सुटे तोलून दिलेल्या दोन किलो तांदळावरही हा कर नाही. नागपूरच्या इतवारी बाजारात कोणतंही कार्ड न दाखवता कट्टा मिळतो, तिथे दाणा तळहातावर घेऊन दाताखाली तोडून बघता येतो, आणि मसाल्यांसाठी मस्कासाथ तिथून फार लांब नाही. म्हणून तिकडे जाऊ नका. रेशनकार्ड प्राधान्य कुटुंबाचं असेल तर माणशी 5 किलो धान्य महिन्याला मोफत मिळतं, तेही या बेतात बसत नाही. फुकटच्या धान्यावर सवलत कशी मिळवणार?

आता साठवण, म्हणजे खरी गंमत. वर्षाचा गहू भरणं हे आपल्याकडे जुनंच काम आहे, पण आजीकडे कोठी होती, वाळवायला अंगण होतं आणि निवडायला चार बाया होत्या. तुम्ही गहू कडक उन्हात तापवा आणि गरम-गरमच ड्रममध्ये ओतून झाकण घट्ट लावा. आत वाफ धरेल, झाकणाखाली पाणी सुटेल आणि वरच्या थराला बुरशी येईल. रात्रभर निवू देऊन मग भरला तर यातलं काहीच होत नाही. तांदूळही उन्हात टाका, म्हणजे तो तडकून कणी होईल आणि भाताऐवजी खिचडी करता येईल. सोंडे बाहेरून येतात अशी समजूत असू द्या. खरं तर अंडी बरेचदा दाण्याच्या आत घातलेलीच असतात, आणि पावसाळी दमट हवा मिळाली की महिन्या-सव्वा महिन्यात नवी पिढी चालायला लागते. कट्टा मेमध्ये आणला असेल तर जुलैमध्ये घरात हालचाल दिसेल. तूरडाळीला दहा किलोमागे साधारण 50 मिलि एरंडेल चोळून ठेवतात, गव्हात कडुनिंबाचा वाळलेला पाला घालतात. पाला ओला घातला तर त्यानंच बुरशी येते, म्हणून ओलाच घाला.

इथे एक वाक्य सरळ अर्थानं घ्या. गोदामात धान्याला लावतात त्या सल्फासच्या गोळ्या घरात आणू नका. हवेतल्या ओलाव्यानं त्यांतून फॉस्फिन वायू निघतो, आणि बंद खोलीत झोपलेली माणसं त्यानं मेली आहेत.

बरं, जिरं. चौघांच्या घरात फोडणीला महिन्याला शंभर-सव्वाशे ग्रॅम लागतं. किलोचा पॅक आठ-दहा महिने चालेल आणि शेवटचे तीन महिने त्याला वास नसेल, म्हणून दुप्पट घालाल, म्हणजे पॅक वेळेत संपेल. धणेपूड, गरम मसाला यांचं तेच. बेसन कडवट होतं, फल्लीदाणे खवट होतात, रव्याला जाळी धरते, आणि हे सगळं मोठ्या पॅकमध्येच जास्त नेटकं होतं. फ्रोजन वाटाण्याचा पाच किलोचा पॅकही घ्या. त्याला आठ-नऊ लिटर जागा लागते आणि एकदारी फ्रिजचा बर्फाचा कप्पा त्यात बराचसा भरून जातो. मेच्या दुपारी ऑटोतून तो घरी येईपर्यंत वितळलेला असतो, पुन्हा गोठवला की एकच गोळा होतो. हातोडी लागेल, तीही तिथेच सहाच्या संचात मिळते.

पैसे कुठून आणायचे? क्रेडिट कार्ड. अठरा हजारांचं बिल करा आणि महिन्याअखेर फक्त किमान रक्कम भरा. बहुतेक कार्डांवर व्याज महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास पडतं, म्हणजे सुरुवातीला 630 रुपये, त्यावर 18 टक्के जीएसटीचे एकशे तेरा. पाच टक्के सूट अठरा हजारांवर नऊशेची होती, त्यातली बहुतेक पहिल्याच महिन्यात बँकेला गेली, आणि डाळ अजून ड्रममध्येच आहे. याउलट कोपऱ्यावरचा किराणावाला वहीत लिहून पगारापर्यंत थांबतो आणि व्याज घेत नाही. किलोमागे दोन-तीन रुपये जास्त लावतो खरा. असल्या माणसाशी व्यवहार कशाला ठेवायचा? त्याची उधारी थकवून मोठ्या दुकानात रोख मोजायला जा, म्हणजे पुढच्या वेळी पोराला ताप आल्यावर रात्री दहाला ग्लुकोज द्यायला तो शटर उघडणार नाही.

काही लोक गोदामाच्या कार्डाचा गैरवापर करतात, त्यांच्यापासून सावध राहा. ते तिथून तीन-चारच गोष्टी आणतात: साबण, कपड्यांची पावडर, भांड्यांचा साबण, मीठ. न नासणाऱ्या, घरात ठरलेल्या मापानं लागणाऱ्या. घरी जुन्या बिलांवर प्रत्येकीचा किलोमागचा भाव लिहून खिशात चिठ्ठी ठेवतात, पॅकवरची तारीख बघतात आणि ‘तीनवर एक फुकट’ची मुदत दोन महिन्यांवर आली असेल तर हात लावत नाहीत. अपार्टमेंटमधली चार घरं मिळून एकच कट्टा, एकच पिपा घेतात. पैसे आधी गोळा करतात, कारण नंतर एकजण नेहमीच ‘पुढच्या तारखेला देतो ना भाऊ’ म्हणतो. ताणकाट्यावर साडेसहा-साडेसहा किलो तोलतात, बिलाचा फोटो ग्रुपवर टाकतात, ऑटोचं भाडं चौघांत वाटतात. आणि रिकामा पिपा कोणी घ्यायचा, यावर मात्र त्यांचं अर्धा तास भांडण होतं.